क्रोम सोडून दुसऱ्या ब्राउझरवर जायचंय, पासवर्ड आणि बाकीचं सामान कसं हलवायचं?

कोरीपाटी:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं क्रोमच वापरतेय, लॅपटॉपवर पण आणि फोनवर पण. आता मात्र बदलायचं जवळजवळ ठरलंय. मुख्य कारण म्हणजे युब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडायचा छोटा प्रोग्रॅम) क्रोममध्ये चालायचं बंद झालं, आणि त्याच्याशिवाय बातम्या वाचणं मला खरंच जमत नाही, मजकूर कमी आणि मध्येमध्ये हलणारी चौकटच जास्त. दुसरं म्हणजे मेल, मॅप, फोटो, शोध सगळं एकाच कंपनीकडे आहे, निदान ब्राउझर तरी वेगळा असावा असं वाटतंय.

पण अडचण अशी की सगळं तिथेच साठलंय. पासवर्ड ढीगभर, त्यातले बरेचसे मला आठवतही नाहीत, ब्राउझर भरतो म्हणून चालतं. बुकमार्क म्हणाल तर फोल्डरात फोल्डर आणि त्यात परत फोल्डर. हल्ली काही साइटवर पासकी (पासवर्डऐवजी बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन करायची किल्ली) पण करून ठेवलीय, ती दुसरीकडे नेता येते का तेही कळत नाहीये. फायरफॉक्स, ब्रेव्ह, विवाल्डी, एज एवढी नावं वाचलीत पण प्रत्येकाखाली लोक इतके भांडतात की वाचून गोंधळच वाढतो. घरात नवऱ्याचा आयफोन आहे आणि बाबांचा विंडोज ७ वाला जुना लॅपटॉप आहे, त्यांचंही एकदाच बघून टाकावं म्हणते. ज्यांनी स्वतः असा बदल केलाय त्यांनी जरा नीट सांगा ना.

पिंपळपान:
आधी एक गोष्ट बघून घ्या, म्हणजे नावांची यादी आपोआप छोटी होईल. ब्राउझर पुष्कळ दिसतात पण त्यांच्या आतलं इंजिन, म्हणजे पान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, ते मोजून तीनच ठिकाणी उरलंय. क्रोमचं ब्लिंक, फायरफॉक्सचं गेको, सफारीचं वेबकिट. एज, ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा हे सगळे आतून क्रोमियमच, म्हणजे क्रोम ज्यावर उभा आहे तो खुला पाया, इंजिन ब्लिंकच. ऑपेराचं स्वतःचं प्रेस्टो नावाचं इंजिन होतं, २०१३ मध्ये त्यांनी ते सोडलं. मायक्रोसॉफ्टनेही एजसाठी वेगळं इंजिन केलं होतं, पण २०२० च्या जानेवारीत नवा एज आला तो क्रोमियमवरच.

युब्लॉक बंद का झालं ते पण यातच आहे. एक्स्टेन्शननी काय करावं आणि काय करू नये याचे नियम असतात, त्याची नवी आवृत्ती म्हणजे मॅनिफेस्ट व्ही ३. जुन्या नियमात एक्स्टेन्शनला पानाची प्रत्येक मागणी मध्येच अडवून बघता यायची आणि जाऊ द्यायचं की नाही ते स्वतः ठरवता यायचं. नव्यात एक्स्टेन्शनने फक्त आधीच यादी द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार, आणि त्या यादीलाही मर्यादा. क्रोमने २०२४ पासून जुनी एक्स्टेन्शनं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली आणि २०२५ मध्ये दार पूर्णच लावून घेतलं. युब्लॉक ओरिजिन लाइट नव्या नियमांत बसतं आणि बऱ्याच जाहिराती अडवतं पण मूळ युब्लॉकची ताकद त्यात नाही.

फायरफॉक्सने मात्र जुनी अडवायची पद्धत चालू ठेवलीय, त्यामुळे तिथे पूर्ण युब्लॉक चालतं, अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्ये सुद्धा. तुमचं मुख्य कारण तेच असेल तर मी सरळ फायरफॉक्स म्हणेन.

आणि मला स्वतःला इंजिनाची काळजी खरोखर वाटते. इंटरनेट एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि त्याच्यापुढचा ७ आला थेट २००६ मध्ये. मधली पाच वर्षं ब्राउझर जवळजवळ जागेवर उभा, कारण स्पर्धाच उरली नव्हती, आणि साइट बनवणारे त्या एकासाठीच पानं बनवत बसले. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्स १.० आला तेव्हा ती कोंडी फुटायला सुरुवात झाली. सगळे एकाच इंजिनावर गेले तर वेबवर काय चालायचं आणि काय नाही हे एकच कंपनी ठरवणार, म्हणून गेको वापरणारा एकेक माणूस मला महत्त्वाचा वाटतो.

सावकाशगाडी:
कुठला ब्राउझर ते पिंपळपान यांनी सांगितलंच, मी सामान हलवायचं सांगतो कारण लोक अडकतात ते तिथेच. पहिली गोष्ट, क्रोम लगेच काढू नका. दोन्ही शेजारी शेजारी राहू देत, महिना दोन महिने राहिले तरी काही बिघडत नाही.

बुकमार्क सगळ्यात सोपे. क्रोममध्ये कंट्रोल शिफ्ट ओ दाबलं की बुकमार्क मॅनेजर उघडतो, वरच्या तीन टिंबांत एक्स्पोर्ट आहे, एक एचटीएमएल फाइल मिळते आणि ती जगातला कुठलाही ब्राउझर वाचतो, फोल्डरात फोल्डर असले तरी तसेच्या तसे येतात. ही फाइल तशीही काढून ठेवा, बॅकअप म्हणून कामाला येते.

पासवर्ड. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट आहे, त्यातून सीएसव्ही फाइल मिळते. आता हे नीट लक्षात घ्या की ही फाइल म्हणजे साधा उघडा मजकूर असतो, कुणीही डबलक्लिक करून तुमचे सगळे पासवर्ड वाचू शकतो. म्हणून ती स्वतःलाच मेल करू नका, पेन ड्राइव्हवर टाकू नका, आणि तुमचं डाउनलोड फोल्डर आपोआप क्लाउडवर चढत असेल तर ते आधी थांबवा. फाइल काढली, लगेच इम्पोर्ट केली, दोनचार साइट उघडून पासवर्ड बरोबर आलेत बघितलं, की फाइल डिलीट आणि रीसायकल बिन पण रिकामा. सगळं एका बैठकीत, मध्ये उठून जायचं नाही.

नव्या ब्राउझरमध्ये पहिल्यांदा गेल्यावर तो विचारतो की क्रोममधून आणू का, ते पण करून बघायला हरकत नाही, बुकमार्क आणि हिस्टरी त्यातून येते. पासवर्ड नाही आले तर वरचा सीएसव्हीचा मार्ग आहेच.

माझं मत विचाराल तर पासवर्ड एका ब्राउझरमधून काढून दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकूच नका, वेगळ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये टाका. बिटवॉर्डन आहे, ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, सगळ्या ब्राउझरला आणि फोनला त्याचं एक्स्टेन्शन किंवा ॲप मिळतं. क्लाउड नको असेल तर कीपासएक्ससी, त्यात सगळं तुमच्याच मशीनवर एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतं, तिचा बॅकअप मात्र तुमचा तुम्ही घ्यायचा. एकदा पासवर्ड ब्राउझरच्या बाहेर आले की पुढच्या वेळी ब्राउझर बदलणं म्हणजे फक्त एक प्रोग्रॅम बदलणं. आज तुम्हाला अवघड वाटतंय ते ब्राउझरमुळे नाही, किल्ल्या त्याच्याकडे ठेवल्यात म्हणून वाटतंय.

पासकी या सीएसव्हीत येत नाहीत हे मुद्दाम सांगतो. ज्या ज्या साइटवर पासकी केलीय त्यांची यादी काढा, नव्या ठिकाणाहून त्या साइटवर लॉगिन करा, सेटिंगमध्ये जाऊन नवी पासकी तयार करा, ती चालते बघा, आणि मगच जुनी काढा. या क्रमानेच.

अजून एक, लॉगिन केलेलं सत्र कुकीत, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या छोट्या नोंदीत असतं, ती बरोबर येत नाही. त्यामुळे नव्या ब्राउझरमध्ये सगळीकडे नव्याने लॉगिन करावं लागणार आणि प्रत्येक साइट ओटीपी नाहीतर ऑथेंटिकेटरचा आकडा मागणार. जुना फोन नंबर कुठे नोंदलेला राहिला असेल तर तो क्रोममध्ये लॉगिन चालू असेपर्यंतच बदलून घ्या.

उत्तररात्र:
फायरफॉक्सला विरोध नाही पण एकच औषध सगळ्यांना देऊ नका. ज्यांचं रोजचं काम अशा वेब ॲपवर चालतं की जी फक्त क्रोमवर तपासलेली असतात त्यांना क्रोमियमवाला ब्राउझर लागतोच. आणि काही सोयी गेकोत नाहीतच, उदाहरणार्थ वेबयूएसबी, म्हणजे पानातून थेट यूएसबीला लावलेल्या उपकरणाशी बोलणं. कुणी मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवर (छोट्या इलेक्ट्रॉनिक पाटीवर) पानातूनच प्रोग्रॅम चढवत असेल तर त्याला हा फरक लगेच कळतो.

मी ब्रेव्ह आणि विवाल्डी दोन्ही रोज वापरतो. ब्रेव्हमध्ये जाहिराती अडवणं एक्स्टेन्शनने होत नाही, ते ब्राउझरच्या आतच बांधलेलं आहे, त्यामुळे मॅनिफेस्ट व्ही ३ चा त्याच्यावर परिणाम नाही. वेग चांगला आहे, क्रोमची एक्स्टेन्शनं तशीच चालतात. खटकणाऱ्या गोष्टी म्हणजे क्रिप्टोचं पाकीट, रिवॉर्ड, एआय वगैरे बटणं, ती सेटिंगमधून लपवता येतात, पहिल्या दिवशीच लपवून टाका. आणि २०२० मध्ये ॲड्रेस बारमध्ये काही क्रिप्टो साइटचं नाव टाइप केलं की ब्रेव्हचा रेफरल कोड (ज्यावर ब्रेव्हला कमिशन मिळतं) आपोआप जोडला जायचा, ते उघडकीला आल्यावर त्यांनी ते बंद केलं. हे माहीत असू द्या, मग ठरवा.

विवाल्डी ज्यांना शंभर टॅब उघडे ठेवून काम करायचंय त्यांच्यासाठी. टॅब एकावर एक रचता येतात, डाव्या बाजूला उभे लावता येतात, एकाच खिडकीत चार पानं शेजारी मांडता येतात, प्रत्येक कळ बदलता येते. ऑपेराच्या संस्थापकांपैकी योन फॉन टेट्झनर यांनी हा काढला, पहिली पक्की आवृत्ती २०१६ ची. त्याचा वरचा दिसणारा भाग मात्र पूर्ण ओपन सोर्स नाही, ज्यांना ते महत्त्वाचं आहे त्यांनी लक्षात घ्यावं.

आणि मोझिलाबद्दल, म्हणजे फायरफॉक्स बनवणाऱ्यांबद्दल पण स्वच्छ बोलू. त्यांच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा गूगलकडूनच येतो, डीफॉल्ट सर्च म्हणून ठेवल्याबद्दल. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी वापराच्या अटी आणल्या, त्यातली भाषा वाचून बरेच जुने वापरकर्ते भडकले, मग त्यांना ती परत लिहावी लागली. म्हणजे गूगलपासून दूर जायचं म्हणून फायरफॉक्स घेतला तरी पैशाचा धागा तिथेच जातो.

पिंपळपान:
धागा जातो हे मान्य, त्यावर वाद नाही. पण पैसे सर्चचे आहेत, इंजिनाचा निर्णय त्यांचा त्यांच्याकडे आहे, आणि युब्लॉक आज तिथे पूर्ण चालतंय हाच त्याचा पुरावा. क्रोमियमवर बांधलेल्या प्रत्येकाला वरून जे येईल ते घ्यावं लागतं, किंवा प्रत्येक आवृत्तीला स्वतः दुरुस्त करत बसावं लागतं, आणि ते काम वर्षागणिक जड होत जातं. डीफॉल्ट सर्च तर फायरफॉक्समध्ये पहिल्याच दिवशी बदलता येतो.

कोरीपाटी:
बापरे किती नीट लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. पासवर्ड बाहेर काढायचं डोक्यातच आलं नव्हतं, ते आधी करते. फायरफॉक्सकडे कल होतोय. दोन शंका आहेत अजून. एक म्हणजे ऑफिसची एक साइट आहे, ती उघडली की वरतीच लिहून येतं की क्रोम वापरा, तिचं काय करू? दुसरं, माझ्या लॅपटॉपची रॅम कमी आहे, ८ जीबी, फायरफॉक्स जास्त खातो असं कुणीतरी म्हणत होतं ते खरं का?

पिंपळपान:
रॅमचं आधी. आजचे सगळेच ब्राउझर खातात आणि त्याला कारण आहे, वेगवेगळ्या साइट वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवल्या जातात म्हणजे एका साइटने दुसरीच्या मेमरीत डोकावू नये. २०१८ मध्ये स्पेक्टर नावाची प्रोसेसरमधली त्रुटी जाहीर झाली त्यानंतर हे फारच गरजेचं झालं. त्यामुळे रॅम वाचवायला म्हणून ब्राउझर बदलण्यात फारसं हशील नाही, टॅब झोपवण्यात आहे. दोन्हीकडे शिफ्ट एस्केप दाबलं की कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते दिसतं, ते बघून निर्णय घ्या, बहुतेक वेळा दोनतीन जड पानं आणि एखादं विसरलेलं एक्स्टेन्शनच निघतं. जाहिराती अडवल्या की पानंच हलकी होतात हा फायदा वेगळा. ८ जीबीत आरामात चालेल.

ऑफिसची साइट, आधी तशीच वापरून बघा, पुष्कळदा ती पाटी नुसतीच जुनी असते आणि आत सगळं व्यवस्थित चालतं. काही अडलं तर ॲड्रेस बारमधल्या ढालीच्या चिन्हावर टिचकी मारून त्या एका साइटपुरतं ट्रॅकिंग प्रोटेक्शन बंद करा, तसंच युब्लॉक पण त्या साइटपुरतं बंद करून बघा. इंजिनावर खापर फुटतं पण खूपदा अडवणारं हेच असतं. तरीही नाही चालली तर त्या साइटपुरता एज किंवा क्रोम ठेवा. एका साइटसाठी सगळं वाचन, सगळा व्यवहार तिकडे ठेवायची गरज नाही.

रानजाई:
आयफोन आणि विंडोज ७ चं कुणी बोललंच नाही म्हणून लिहिते.

आयफोनवर फायरफॉक्स घ्या, क्रोम घ्या, ब्रेव्ह घ्या, आत वेबकिटच असतं, ॲपलचा नियमच तसा आहे. युरोपियन युनियनमध्ये २०२४ च्या मार्चपासून, आयओएस १७.४ पासून, दुसऱ्या इंजिनाला परवानगी मिळाली, नंतर जपानमध्येही, पण आपल्याकडे जुनंच. म्हणून आयफोनवरच्या फायरफॉक्समध्ये युब्लॉक मिळणार नाही, शोधत बसू नका. सफारीतच कंटेंट ब्लॉकर (जाहिराती अडवणारं ॲप) लावायचा हा तिथला सरळ मार्ग, किंवा ब्रेव्ह, त्याचं अडवणं आयफोनवर पण चालतं. फायरफॉक्स आयफोनवर घ्यायचा तर बुकमार्क आणि टॅब लॅपटॉपशी जुळावेत एवढ्यासाठी.

बाबांच्या लॅपटॉपचं मात्र मनावर घ्या. विंडोज ७ वर चालणारा शेवटचा क्रोम म्हणजे १०९, २०२३ च्या सुरुवातीचा, त्यानंतर काहीच नाही. फायरफॉक्सची ११५ ईएसआर (ईएसआर म्हणजे जास्त काळ अपडेट मिळणारी आवृत्ती) ही त्या विंडोजसाठीची शेवटची आवृत्ती, तिला मोझिलाने मूळ मुदत संपल्यावरही सिक्युरिटी अपडेट वाढवून दिले, म्हणून क्रोम १०९ पेक्षा ती कधीही बरी. पण खालचं विंडोजच २०२० पासून उघडं पडलंय, ब्राउझर किती झाकणार. त्या मशीनवर बँकेचे व्यवहार करू देऊ नका, आणि झेपत असेल तर त्यावर विंडोजऐवजी एखादं हलकं लिनक्स (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाका, त्यात ताजा फायरफॉक्स मिळतो आणि ज्येष्ठ माणसाला ब्राउझर, मेल आणि फोटो यापलीकडे फारसं लागत नाही.

अजून एक मला फार आवडणारी गोष्ट, फायरफॉक्समधले कंटेनर. मल्टी अकाउंट कंटेनर्स नावाचं मोझिलाचंच एक्स्टेन्शन आहे. एकाच खिडकीत ऑफिसचा मेल एका रंगाच्या टॅबमध्ये, घरचा दुसऱ्या रंगाच्या, कुकी एकमेकांत मिसळत नाहीत, लॉगिन लॉगआउट करत बसायला लागत नाही. तुमची ती ऑफिसची साइट पण वेगळ्या कंटेनरमध्ये ठेवून द्या.

आणि देवनागरी अक्षरं बारीक किंवा किरटी दिसली तर फायरफॉक्सच्या फॉन्ट सेटिंगमध्ये ॲडव्हान्स्ड मध्ये जा, तिथे लिपीप्रमाणे वेगळा फॉन्ट आणि आकार ठरवता येतो, देवनागरी यादीत आहे. डोळ्यांना फार बरं वाटतं.

कोरीपाटी:
कंटेनरचं ऐकून तर फायरफॉक्सच नक्की केला. मग आता क्रम असा ठेवते, आधी बिटवॉर्डनमध्ये पासवर्ड, मग पासकी एकेक करून, मग बुकमार्क, आणि क्रोम ऑफिसपुरता. एक शेवटचं विचारते, फायरफॉक्सचं सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि फोनवरचं सगळं आपोआप जुळवणं, चालू करू का? म्हणजे तिथे पण परत सगळं एका कंपनीकडेच जाणार ना? आणि लिंकवर क्लिक केलं की अजून जुनाच ब्राउझर उघडतो, ते कुठून बदलतात?

सावकाशगाडी:
सिंक चालू करा, बिनधास्त. फायरफॉक्सचं सिंक एंड टू एंड एन्क्रिप्टेड आहे, म्हणजे तुमच्या मशीनवरच कुलूप लागून डेटा जातो आणि मोझिलाला तो वाचता येत नाही. याचीच दुसरी बाजू अशी की अकाउंटचा पासवर्ड विसरून रीसेट केलात तर सर्व्हरवरचा डेटा पुसला जातो, मशीनवरचा राहतो. म्हणून अकाउंट सेटिंगमधून रिकव्हरी की आत्ताच तयार करा आणि कागदावर लिहून ठेवा, आणि बिटवॉर्डनचा मुख्य पासवर्ड पण त्याच कागदावर, कारण तो विसरलात तर तेही कुणी उघडून देऊ शकत नाही. सिंकमध्ये काय काय जावं ते निवडता येतं, पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये आहेत तर इथली पासवर्डची टिक काढून टाका, आणि फायरफॉक्सचं पासवर्ड सेव्ह करू का हे विचारणं पण बंद करा, नाहीतर दोन ठिकाणी दोन पासवर्ड होतात आणि कुठला नवा ते कळेनासं होतं.

डीफॉल्ट बदलायला विंडोजच्या सेटिंगमध्ये ॲप्स, तिथे डीफॉल्ट ॲप्स, त्यात फायरफॉक्स निवडून सेट डीफॉल्ट. खाली पीडीएफ पण कशात उघडायचं ते बघून घ्या, ते वेगळं ठरवावं लागतं. अँड्रॉइडवर पण सेटिंग, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स असाच रस्ता आहे. ऑफिसच्या साइटसाठी क्रोमचा एक शॉर्टकट डेस्कटॉपवर काढून ठेवा, म्हणजे डीफॉल्टला हात लावावा लागणार नाही. आणि सगळे पासवर्ड बिटवॉर्डनमध्ये नीट आलेत याची खात्री झाली, पासकी पण नव्या झाल्या, की क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधले जुने डिलीट करायला विसरू नका, ते गूगल अकाउंटमध्ये असतात, क्रोम काढून टाकलं तरी तिथे राहतातच.